टँगोचा पत्ता वारावरून शोधायचा

टँगो हा जोडीचा नाच शिकायचं मनात आलं की माणूस आधी क्लास शोधतो. फोनवर ‘जवळचा टँगो क्लास’ असं टाकतो, दोन-तीन नावं येतात, एखादा नंबर लागत नाही, आणि तिथेच उत्साह मावळतो. शोधायची ही रीतच टँगोला लागू पडत नाही. टँगो इमारतीत राहत नाही, तो वारावर भरतो. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार आठवा. गुरुवारी तिथे गेलात तर नुसता घाट दिसेल, म्हणून नाशिकमध्ये बाजार भरत नाही असं कुणी म्हणणार नाही. टँगोचंही अगदी तसंच आहे. एखाद्या क्लबचा हॉल, कॅफेची वरची खोली, शाळेचं सभागृह, बागेतला बँडस्टँड अशी कुठली तरी जागा आठवड्यातून एका संध्याकाळी तीन-चार तासांसाठी टँगोची होते. दुसऱ्या दिवशी तिथे टेबल टेनिस चालू असतं. म्हणून कुठल्याही शहरात पहिला प्रश्न ‘कुठे?’ असा विचारू नये, ‘कोणत्या वारी?’ असा विचारावा.

ज्या संध्याकाळी लोक फक्त नाचायला जमतात तिला मिलोंगा म्हणतात. (मिलोंगा हे टँगोच्या कुटुंबातल्या एका जलद, ठसकेबाज तालाचंही नाव आहे, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो.) जिथे दिवे पूर्ण चालू असतात, मधेच थांबून ‘हे पुन्हा करून बघू’ म्हणता येतं आणि घामेजलेला टीशर्ट चालतो, ती प्राक्तिका, म्हणजे सरावाची बैठक. आणि तिसरा क्लास. नव्या माणसाने शोधताना नेहमीचा क्रम उलटा ठेवावा: आधी मिलोंगा शोधावी, तिथे जाऊन नुसतं बसावं, ज्यांचं चालणं आवडलं त्यांना ‘तुम्ही कुणाकडे शिकलात?’ असं विचारावं, आणि त्या क्लासला जावं. जिथल्या शिक्षकांचे विद्यार्थी मिलोंगात कधीच दिसत नाहीत, तिथे बहुधा स्टेजवरचा नाच शिकवला जातो.

नाशिकमध्ये पाटी वाचून चौकशी करताना एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी. ‘बॉलरूम टँगो’ आणि ‘अर्जेंटाइन टँगो’ हे दोन वेगळे नाच आहेत. बॉलरूममध्ये दोघांचा स्पर्श कमरेच्या बाजूला असतो, छाती-खांदे एकमेकांपासून बाहेर झुकलेले असतात, मान झटक्यात वळते आणि पावलांचा क्रम ठरलेला असतो. अर्जेंटाइन टँगोत दोघांचं नातं छातीपाशी असतं, डोकं शांत असतं आणि पुढचं पाऊल कोणतं हे त्या क्षणी ठरतं. क्लासमध्ये फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘पहिल्या महिन्यात काय शिकवता?’ उत्तर ‘चालणं, वजन बदलणं, मिठी’ असं आलं तर जाऊन बघा. ‘बारा स्टेप्सचा कोरिओग्राफ केलेला सेट’ असं आलं तर तो लग्नातल्या ‘संगीत’च्या तयारीचा क्लास आहे. त्याचीही गरज असते, पण ती वाट मिलोंगाकडे जात नाही.

चांगला क्लास ओळखायच्या आणखी दोन खुणा आहेत. एक म्हणजे तिथे दर दहा-पंधरा मिनिटांनी जोड्या बदलतात. एकाच माणसाबरोबर शिकलं की दोघं मिळून एकमेकांच्या चुका सांभाळून घ्यायला शिकतात. तिसऱ्या माणसाबरोबर उभं राहिल्यावर काहीच जमत नाही आणि मग दोष त्याच्या माथी जातो. दुसरी खूण अशी, की शिक्षक गान्चो म्हणजे पायात पाय अडकवणं आणि बोलेओ म्हणजे पाय झटक्याने मागे उडवणं हे लवकर शिकवत नाहीत. या दोन्ही हालचाली गर्दीत मागच्याच्या नडगीला लागतात. मिलोंगात आलेला रक्ताचा ओरखडा बहुतेक वेळा तिसऱ्या महिन्यातल्या कुणाच्या तरी बोलेओचा असतो.

नाशिकहून नियमित नाचायला जायचं तर पुणे आणि मुंबई हीच दोन जवळची ठिकाणं. दोन्हीकडे टँगोची मंडळी आहेत. दिल्ली, बंगळुरू आणि ऑरोव्हिलमध्येही आहेत. पुण्याचा रस्ता सुमारे २१० किलोमीटरचा, पण नारायणगाव ते चाकण या पट्ट्यात किती वेळ जाईल याचा नेम नसतो. म्हणून संध्याकाळच्या मिलोंगासाठी दुपारी निघू नका, सकाळी निघा. दुपारी पोहोचून तासभर पाय वर करून पडलात तर रात्री तीन तास उभं राहता येतं. मुंबईला सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाणं सोपं, पण परतीची पंचवटी संध्याकाळी सुटते आणि मिलोंगा त्यानंतर रंगात येते. त्यामुळे मुंबईत मुक्काम धरूनच बेत करावा, आणि दुसऱ्या दिवशी रविवारची प्राक्तिका असेल तर तीही जोडून घ्यावी. एका फेरीत एक क्लास, एक मिलोंगा, एक प्राक्तिका असं जमलं तर महिन्यातून एकदा जाऊनही प्रगती होते. नुसत्या क्लाससाठी दोनशे किलोमीटर जाणं मात्र महिना-दोन महिन्यांत सुटतं.

निघण्यापूर्वी खात्री कशी करायची? फेसबुकच्या पानावर ‘दर शुक्रवारी’ असं लिहिलेलं असतं, पण शेवटची पोस्ट आठ महिन्यांपूर्वीची असते. आधी पोस्टची तारीख बघा. मग आयोजकांना मेसेज करून तीन गोष्टी विचारा: या आठवड्यात आहे का, सुरू किती वाजता होते, आणि आधी नवशिक्यांचा तास आहे का. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर त्यात घ्यायची विनंती करा, कारण हॉल बदलल्याचा निरोप तिथेच दुपारी चार वाजता पडतो. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात जास्त चौकशी करा. परदेशात हीच काळजी नाताळ आणि उन्हाळी सुट्ट्यांत घ्यावी लागते.

मिलोंगात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याचं नाचापेक्षा रिवाजापाशी जास्त अडतं. संगीत तांद्यांमध्ये वाजतं. तांदा म्हणजे एकाच वाद्यवृंदाची, एकाच काळातली तीन किंवा चार गाणी. टँगोची साधारण चार, वाल्सची, म्हणजे तीन ठोक्यांच्या चालीची, तीन, मिलोंगाची तीन. दोन तांद्यांच्या मधे अर्धा-पाऊण मिनिट भलतंच संगीत वाजतं, ती कोर्तिना, म्हणजे शब्दशः पडदा. कोर्तिना वाजली की सगळे जमीन मोकळी करून जागेवर जातात. नाचायला विचारणं तोंडाने होत नाही. दुरून नजर भिडते, एक जण किंचित मान हलवतो, समोरचा होकाराची मान हलवतो, आणि मगच उठायचं. ही रीत काबेसेओ. ती दिखाव्यासाठी नाही. नजर भिडलीच नाही तर नकार कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही, कुणाचा पाणउतारा होत नाही. खुर्चीपाशी जाऊन हात पुढे केला तर समोरच्याला सगळ्यांदेखत हो किंवा नाही म्हणावं लागतं, म्हणून जुन्या मंडळींना ते खटकतं.

आणि ‘थँक्यू’ जपून वापरा. आपल्याकडे प्रत्येक गाण्यानंतर हसून आभार मानायची सवय असते. टँगोत तांद्याच्या मधेच ‘ग्रासियास’ म्हणणं म्हणजे ‘बास, आता आपण थांबू’ असं सांगणं. दुसऱ्या गाण्यानंतर तुम्ही प्रेमाने आभार मानलेत तर समोरची व्यक्ती चेहरा पडून परत जाईल आणि तुम्हाला कारण कळणार नाही. चौथं गाणं संपलं की मग म्हणा. मधल्या वेळात दोन शब्द बोलावेत, आणि नवं गाणं सुरू झाल्यावर लगेच पळत सुटू नये. पाच-दहा सेकंद ऐकून मग मिठी घ्यावी.

जमिनीवर सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट, गरब्याच्या फेरासारखं. याला रोंदा म्हणतात. आत शिरायचं तर कोपऱ्यातून, आणि येणाऱ्या जोडीतल्या नेणाऱ्याशी, म्हणजे दिशा देणाऱ्याशी, नजर मिळवून. घाईच्या वेळी द्वारका सर्कलला गाडी घालताना आपण जशी समोरच्या चालकाकडे बघून जागा घेतो, तसंच. पुढच्या जोडीला ओलांडायचं नाही आणि मागे पाऊल टाकायचं नाही, कारण मागे डोळे नसतात.

इथे ‘पासो बासिको’ या आठ पावलांच्या पाठाची अडचण कळते. बऱ्याच क्लासमध्ये तो पहिल्याच दिवशी शिकवतात. नेणाऱ्याच्या बाजूने तो असा: एक, उजवा पाय मागे. दोन, डावा बाजूला. तीन, उजवा पुढे, जोडीदाराच्या बाहेरच्या अंगाने. चार, डावा पुढे. पाच, उजवा डाव्याला जोडायचा, आणि याच वेळी जोडीदाराचा डावा पाय उजव्यावरून आडवा येतो, ती क्रुसादा. सहा, डावा पुढे. सात, उजवा बाजूला. आठ, पाय जोडले. कागदावर हे सुंदर दिसतं. पण पहिलंच पाऊल मागे आहे, म्हणजे गर्दीत सरळ मागच्या जोडीवर. म्हणून मिलोंगात पहिलं पाऊल गाळून थेट दुसऱ्यापासून सुरू करतात. ज्या शिक्षकाने हे सांगितलं नाही त्याचे विद्यार्थी पहिल्या मिलोंगात दर अर्ध्या मिनिटाला धडकतात आणि स्वतःलाच वेंधळे समजतात.

आता फरशी आणि बूट. या विषयावर थोडं थांबायला हवं, कारण गुडघे इथेच जातात. ओचो ही हालचाल घ्या: एका पायावर उभं राहून चवड्यावर गिरकी घ्यायची आणि दुसऱ्या पायाने पुढचं पाऊल टाकायचं. चवडा फरशीवर फिरला नाही तर गिरकीचा सगळा पीळ गुडघ्यात जातो. म्हणून रबरी तळाचे चालण्याचे बूट टँगोला घातक आहेत. उलट चकचकीत विट्रिफाइड टाइलवर गुळगुळीत चामड्याचा तळ घातला तर पाय निसटतो, मांड्या आखडतात आणि माणूस भीतभीत नाचतो. तपासायची सोपी रीत अशी: एका पायावर उभं राहा, टाच सुपारीएवढी उचला आणि शरीर पाव फेरा फिरवा. थोड्या प्रयत्नाने फिरलं तर बूट आणि फरशीची जोडी बरोबर जमली. प्रयत्नच लागला नाही तर फार निसरडं आहे. गुडघ्याला कळ लागली तर ताबडतोब थांबा.

आपल्याकडच्या हॉलमध्ये लाकडी जमीन क्वचितच असते. पॉलिश केलेला कोटा टँगोला चांगला चालतो, जुनी घासलेली मोझॅइक त्याहून चांगली. खडबडीत शहाबादी आणि सिमेंटचा कोबा तळ खातो आणि गिरकी अडवतो. अशा ठिकाणी साध्या बुटावरून जाड सुती मोजा चढवला तरी काम भागतं. मात्र तो फक्त चवड्यापर्यंत ओढा, टाच रबरीच उघडी ठेवा, म्हणजे थांबताना आधार मिळतो. फरशीवर पावडर टाकायची सूचना कुणी केली तर नको म्हणा. ती तुमच्या पायाखालून पसरत जाऊन दुसऱ्याला पाडते.

महागडे टँगोचे बूट पहिल्या वर्षी लागत नाहीत. चामड्याचे साधे फॉर्मल बूट बूट-दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि तळाला दीड-दोन मिलिमीटर जाडीचं स्वेड (लवदार चामडं) चिकटवून घ्या. जुना तळ आधी कानशीने किंवा पॉलिश पेपरने नीट घासायला सांगा, आणि सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून सुकल्यावरच दाबायला सांगा. ही घाई केली की दुसऱ्याच दिवशी चवड्याच्या टोकाकडून तळ उकलतो, नेमका जिथे गिरकीचा जोर असतो तिथे. टाचेच्या टोकाला स्वेड लावू नये, तिथे रबरच हवं. हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत, पिशवीतून न्यायचे. पावसाळ्यात नाशिकच्या फरशीला ओल सुटते, स्वेड ती पितं, त्याचे तंतू बसतात आणि तळ चिकटू लागतो. तारेच्या छोट्या ब्रशने एकाच दिशेने आठ-दहा वेळा घासलं की तंतू पुन्हा उभे राहतात. ज्यांना उंच टाच घालायची आहे त्यांनी पाच-सहा सेंटिमीटरपासून सुरुवात करावी, आणि घोट्याला पट्टा हवाच. सपाट बुटातही टँगो पूर्ण होतो. कोल्हापुरी मात्र नको, मागची टाच मोकळी राहते आणि मागे पाऊल टाकताना ती सुटते.

जगात फिरताना हीच सगळी शिदोरी कामाला येते. अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्सला जाणाऱ्याने पहिल्यांदा एक भेद लक्षात घ्यावा: जेवणासोबतचे टँगो शो आणि ला बोका भागातल्या रंगीत गल्लीतले नर्तक हे बघण्यासाठी आहेत. नाचायचं असेल तर ‘ओय मिलोंगा’ ही तिथली यादी उघडा. त्यात त्या दिवशी कोणती मिलोंगा कुठे आणि किती वाजता हे वारानुसार मिळतं. पालेर्मो भागातला सलोन कॅनिंग हा हॉल एकच, पण वारानुसार तिथल्या मिलोंगांचे आयोजक, संगीत आणि गर्दी बदलते, म्हणून ‘कॅनिंग चांगलं आहे का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. नवशिक्यांना ला विरुता सोयीची. आर्मेनियन केंद्राच्या तळघरात आधी वेगवेगळ्या पातळ्यांचे क्लास होतात, मग तिथेच मिलोंगा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. बारांकास दे बेल्ग्रानो या बागेतल्या ग्लोरिएतामध्ये, म्हणजे गोल बँडस्टँडमध्ये, उघड्यावर नाचतात. तिथे कपड्यांचा आणि रिवाजांचा ताण कमी असतो. विया उर्किसातल्या सुंदरलँड क्लबचं नाव टँगोच्या जगात आदराने घेतात, आणि ती जागा म्हणजे बास्केटबॉलचं मैदान आहे, भोवती टेबलं मांडलेली. हॉल देखणा नाही म्हणून नाशिकमध्ये कुणी हिरमुसलं तर त्यांना हे जरूर सांगावं.

तिथला दिवस आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस झोप उलटी होते. पहिल्या रात्री उशिराच्या मिलोंगाला न जाता दुपारची किंवा संध्याकाळची गाठावी. परंपरा पाळणाऱ्या दुपारच्या मिलोंगांमध्ये वयस्कर मंडळी असतात. बसायची जागा यजमान दाखवतात, कधी स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. जोडीने गेलात आणि शेजारी बसलात तर इतर कुणी नजर देणार नाही, तुम्ही फक्त एकमेकांशी नाचणार असाच अर्थ घेतला जातो. इतरांशीही नाचायचं असेल तर वेगवेगळे आत जा. बस आणि भुयारी रेल्वेसाठी सुबे कार्ड चालतं. भुयारी रेल्वे रात्री लवकर बंद होते, काही बस रात्रभर असतात, त्यामुळे परतीचा बसनंबर आधीच टिपून ठेवा. ऑगस्टमध्ये तिथे जागतिक टँगो स्पर्धा भरते, २००३ पासून. ‘पिस्ता’ विभागातल्या जोड्या मुद्दाम बघा: उड्या नाहीत, मिठी सुटत नाही, रोंदा पाळलेला असतो. शिकण्यासारखं तिथे जास्त सापडतं. स्टेजचा विभाग डोळ्यांना सुखावतो, पण पायांना त्यातून थोडंच मिळतं. उरुग्वेचं माँतेविदेओ नदीपलीकडे आहे, बोटीने जाता येतं. युनेस्कोने २००९ मध्ये टँगोला वारशाच्या यादीत घेतलं ते अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या नावाने.

ऑफिसच्या कामाने किंवा मुलांकडे जाणाऱ्यांसाठी बर्लिन, पॅरिस, इस्तंबूल, न्यूयॉर्क इथे टँगो मुबलक आहे. पॅरिसमध्ये उन्हाळ्यात सेन नदीच्या काठावर, के सँ-बेर्नारपाशी उघड्यावर नाचतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरच्या पुतळ्यापाशी उन्हाळी मिलोंगा भरत आली आहे. दगडी फरशीवर नाचायला जुने, टाकाऊ तळाचे बूट न्या. इस्तंबूलला मुंबईहून थेट विमान आहे आणि तिथल्या नाचणाऱ्यांची पातळी उंच आहे, म्हणून आठवडाभराच्या सुट्टीत ते ब्यूनोस आयर्सपेक्षा परवडतं. फिनलंडमध्ये टँगो म्हटलं की सावध राहा. त्यांचा स्वतःचा फिनिश टँगो आहे, सेइनायोकीला १९८५ पासून त्याचा उत्सव भरतो, पण त्याची गाणी आणि चाल निराळी.

जाहिरातींमधले तीन शब्द वेगळे ओळखावेत. फेस्टिव्हल म्हणजे क्लास, शो आणि मिलोंगा, सगळ्यांना खुला. मॅरेथॉन म्हणजे शुक्रवार ते रविवार नुसता नाच, क्लास नाहीत. एन्क्वेंत्रो त्याहून शांत, जवळच्या मिठीचा आणि रिवाज काटेकोर पाळणारा. शेवटच्या दोघांत नेणारे आणि मागोमाग येणारे यांची संख्या सारखी ठेवतात, म्हणून एकट्याने नाव दिलं तर बरेचदा प्रतीक्षा यादीत जातं. विमानाचं तिकीट नावाची खात्री झाल्यावरच काढा. पहिल्या दोन वर्षांत फेस्टिव्हलच बरा.

पण हे सगळं महिन्या-वर्षातून एकदाचं. मधल्या दिवसांत नाशिकमध्ये काय करायचं? प्राक्तिका सुरू करायची. सहा-आठ जणं पुरतात, शिक्षक असलाच पाहिजे असं नाही. वीस बाय पंचवीस फुटांचा हॉल आठ जोड्यांना मोकळेपणाने पुरतो. सोसायटीचा हॉल असेल तर कमिटीला आधीच स्पष्ट सांगावं की हा जोडीचा नाच आहे, दारं उघडी असतात, दिवे पूर्ण चालू असतात, वेळ सात ते नऊ. लपवाछपवी केली की कुजबुज होते. मिठीचा संकोच असेल तर सुरुवातीचे चार-सहा आठवडे तळहाताला तळहात लावून किंवा एकमेकांच्या दंडावर हात ठेवून सराव करावा. पुरुषांनी पुरुषांबरोबर आणि बायकांनी बायकांबरोबर सराव करण्यात काहीच कमीपणा नाही. ब्यूनोस आयर्समध्ये जुन्या काळी पुरुष आधी पुरुषांच्याच प्राक्तिकामध्ये शिकत, तेही आधी दुसऱ्याच्या मागोमाग चालायला. दोन्ही बाजू शिकलेल्या माणसाच्या हातात जोर राहत नाही.

पहिली वीस मिनिटं एकच गोष्ट. दोघं समोरासमोर, मागोमाग येणाऱ्याचे डोळे मिटलेले. नेणाऱ्याने पाऊल न उचलता वजन डाव्या पायावर न्यायचं, थांबायचं, मग उजव्यावर. समोरच्याने फक्त सांगायचं: डावा, उजवा. दहापैकी नऊ वेळा बरोबर येईपर्यंत पुढे जायचं नाही. चुकतं ते एकाच कारणाने, नेणारा छाती न नेता नुसती कंबर हलवतो. छाती पायाच्या वर गेली की समोरच्याला आपोआप कळतं. मग चालणं. पाऊल पडण्याआधी शरीर निघालं पाहिजे. पाय आधी गेला की समोरच्याच्या बोटांवर पडतो, आणि घाबरून त्याचा भार टाचांवर जातो. खाली बघू नका. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते झुकलं की दोघांचा तोल जातो. हातांनी ढकलून दिशा देत असाल तर हे करून बघा: दोघांच्या छातीच्या मधे घडी केलेलं वर्तमानपत्र धरा, हात सोडून द्या आणि हॉलची एक फेरी चाला. पेपर पडला तर तुमच्यातलं अंतर बदललं.

संगीतासाठी ब्यूनोस आयर्स शहराचं ‘ला दोस पोर क्वात्रो’ हे ९२.७ एफएम केंद्र इंटरनेटवर ऐकता येतं. सरावाला कार्लोस दि सार्लीच्या वाद्यवृंदाने सुरुवात करा, संथ आणि लांब पावलांची चाल. ठेका पक्का करायला हुआन द’आरिएंसो, त्याला तालाचा राजाच म्हणत. अनिबाल त्रोइलो नंतर, आणि ओस्वाल्दो पुग्लिएसे सगळ्यात शेवटी, कारण त्याचा ठेका ताणला जातो, थांबतो आणि नवशिका अधांतरी राहतो. पेटीची सवय असलेल्या कानाला टँगोतला बांदोनेओन, हे भात्याचं वाद्य, चटकन ओळखीचा वाटतो. दोन्हींत पातींवरूनच हवा जाते, फक्त बांदोनेओनच्या एकाच बटणातून भाता उघडताना एक सूर आणि मिटताना दुसरा येतो. वाक्य संपताना आपण समेवर येतो तसं टँगोत आठव्या ठोक्यावर टेकायचं. गाण्याच्या शेवटच्या दोन ठोक्यांना तिकडे ‘चान-चान’ म्हणतात, तिथे दोन्ही पाय जमिनीवर असावेत.

दोन तांदे टँगो, एक वाल्स, दोन टँगो, एक मिलोंगा असा क्रम लावला तर एक फेरा कोर्तिनांसह साधारण ६५ मिनिटांचा होतो, म्हणजे दोन तासांत सरावाच्या बोलण्याला पुरेशी सवड ठेवूनही दीड फेरा बसतो. स्पीकर फरशीवर ठेवू नका, डोक्याच्या उंचीवर कोपऱ्यात ठेवा. १९४० च्या आसपासची ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, एकच स्पीकर पुरतो, पण खाली ठेवला की पहिल्या दोन जोड्यांचे पाय सगळा आवाज अडवतात. शेवटचं गाणं ‘ला कुंपार्सिता’ लावा. जगात कुठेही ते लागलं की लोकांना कळतं की आजची रात्र संपली.

हॉल झाडून बाहेर पडण्याआधी एक काम त्याच रात्री उरकायचं. पुढच्या बैठकीचा वार, तारीख, वेळ, हॉलचं नाव आणि मजला उघड्या पानावर टाकायचा, मराठीत आणि इंग्रजीतही, मागची पोस्ट तारखेसकट तशीच ठेवून. द्राक्षबागा बघायला आलेला एखादा बर्लिनचा किंवा पुण्याचा नाचणारा शुक्रवारी दुपारी फोनवर ‘नाशिक, मिलोंगा’ असं शोधत असतो.